शार्कसाठी टाकी घेताय? आधी सोफा मोजा

घरात शार्क पाळायचा हे एकदा नक्की झालं की टाकी केवढी घ्यायची हा प्रश्न येतो, आणि इथेच बरीच मंडळी नको तितका विचार करत बसतात. मासा केवढा होतो, त्याला वळायला किती जागा लागते, या भानगडीत पडू नका. टेप घ्या आणि टीव्ही युनिट ते सोफा यांच्यामध्ये उरलेली जागा मोजा. दोन फूट भरली? मग शार्कची गरज दोन फुटांचीच आहे. दीडच भरली, तर जरा समंजस शार्क घ्या. वास्तुवाल्यांना विचारलंत तर ते ईशान्य कोपरा सांगतील. तिथे शू-रॅक असेल तर शार्क शू-रॅकवर.

आता शार्क कुठला? क्रॉफर्ड मार्केट असो की कुर्ला, दुकानदार काचेवर बोट टेकवून दाखवतो तो बोटभर लांबीचा, चंदेरी, घोळक्याने सुसाट फिरणारा मासा. पाठीवर तिकोनी पर उभा, म्हणजे शार्कच. जाणकार सांगतील की हा मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला पंगस, शिंगाळ्याच्या गोतावळ्यातला मिशाळ मासा. शार्कशी त्याचं नातं आडनावबंधूइतकंही नाही. पूर्ण वाढला की तो सव्वा मीटरपर्यंत जाऊ शकतो आणि 44 किलोपर्यंत भरू शकतो. जाणकारांचं ऐकू नका. दुकानदाराचं ऐका: "टाकीएवढाच वाढतो, साहेब."

हा सिद्धान्त फार मोलाचा आहे. याच न्यायाने डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये वाढलेली पोरं माळ्याच्या उंचीला थांबायला हवी होती. ती का थांबली नाहीत, यावर कुणीतरी पीएचडी करावी. माशाचं मात्र थोडंफार जमतं. आपल्याच घाणीतून तयार झालेल्या अमोनिया-नायट्रेटमध्ये राहून त्याची वाढ खुंटते, कणा वाकतो, आणि तो खरोखरच टाकीत मावतो. फक्त बाजूने बघू नका, समोरून बघा.

पंगसची नजर अधू आणि स्वभाव भित्रा. कुकरची शिट्टी झाली, दार आपटलं, छोट्याने काचेवर टकटक केली की तो बाणासारखा सुटतो. नदीत असता तर लांब निघून गेला असता. तुमच्याकडे दोन फुटांवर काच आहे. थोड्याच दिवसांत तोंडाचं टोक आधी पांढुरकं दिसायला लागतं, मग लालसर, मग तिथली कातडी सुटते. पाहुण्यांना सांगा, "खेळकर आहे हो!"

काही रसिकांना अर्थातच खरा शार्क लागतो. त्यांच्यासाठी बांबू शार्क. हा बिचारा दिवसभर तळाशी पडून राहतो, रात्री फिरतो, आणि मोठा होऊन साधारण मीटरभर भरतो. पाळणारे हिशोब सांगतात तो असा: टाकीची लांबी माशाच्या तिप्पट, रुंदी दुप्पट. म्हणजे तीन मीटर बाय दोन मीटर. पाणी फक्त साठ सेंटिमीटर धरलं तरी 3,600 लिटर, समुद्रासारखं करायचं तर लिटरमागे 35 ग्रॅम मीठ, म्हणजे सव्वाशे किलो. (तेही किराणा दुकानातलं चालत नाही.) तुमची दहा बाय दहाची बेडरूम बरोब्बर तीन मीटरची आहे, यामागे नियतीचाच हात समजा. एका बाजूला मीटरभर पट्टा उरतो. तिथे तुम्ही झोपा.

राहता राहिली जमीन. राहत्या घराचा स्लॅब सामानसुमान आणि माणसं मिळून चौरस मीटरला साधारण 200 किलो धरून बांधतात. तेवढ्याच जागेवर तुमचं नुसतं पाणीच 600 किलो होतं, काच वेगळी. इंजिनिअरला विचारलंत तर तो नाही म्हणणार, म्हणून विचारू नका. खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहत असतील तर उत्तमच; पुढेमागे शार्क त्यांच्याही कुटुंबातला होईल. दुपारी चार तास लाईट गेली आणि हवेचा पंप बंद पडला तर घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीने मगने पाणी वरून ओतत राहावं. एकत्र कुटुंबपद्धतीचे फायदे सांगायला आता कुणी लागत नाही.

एवढं करूनही पंगस टाकीपेक्षा मोठा झालाच, तर दुकानदाराकडे जाऊ नका. तो तुम्हाला ओळखणार नाही. तळ्यात सोडायचा पर्याय आहे. उजनीत घरोघरच्या टाक्यांतले सकर मासे कसे बोकाळलेत हे तिथल्या मच्छीमारांना विचारा, ते प्रेमाने सांगतील. दुसरा पर्याय फ्रीजरचा. मॉलमध्ये 'बासा' म्हणून जी पांढरीशुभ्र काटेविरहित फिले मिळते, ती बहुतेक वेळा या तुमच्या शार्कचीच असते, व्हिएतनाममधल्या नाहीतर आंध्रातल्या तळ्यांत वाढलेल्या. आलं-लसूण, तिखट, हळद, वरून रवा.

आणि पुढच्या वेळी पाहुण्यांनी विचारलं, शार्क कुठे गेला, तर घास गिळून सांगा, "समुद्रात सोडला हो, मोकळा केला." गोड्या पाण्यातला मासा समुद्रात कसा जगेल, असं कुणी विचारणार नाही. ते तिसरा तुकडा वाढून घेत असतील.