गारामॉन इटॅलिक वाकडंतिकडं का?

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: गारामॉन या फॉन्टच्या इटॅलिकचं मी उगाच कौतुक केलं, त्यातली कॅपिटल अक्षरं वेगवेगळ्या कोनांत कलतात, म्हणजे काम बेंगरूळ, आणि इटॅलिक म्हणजे उभं अक्षर तिरकं करणं, ते संगणक एका बटणावर करतो.

कोनांचं निरीक्षण अगदी बरोबर. वर्डमधला जो गारामॉन तुम्ही तपासलात, तो मोनोटाइप या टाइप बनवणाऱ्या कंपनीने १९२२च्या सुमारास काढलेल्या टाइपाचा संगणकी अवतार. नाव सोळाव्या शतकातल्या क्लोद गारामॉन या फ्रेंच टाइप कोरणाऱ्याचं, पण वळण फ्रान्समधल्या सेदानच्या जाँ जानों या मुद्रकाचं. जानोंचं टाइपांचं नमुनापुस्तक १६२१चं, तेव्हा गारामॉनला जाऊन साठ वर्षं झाली होती! ही गफलत १९२६ साली टाइपांच्या अभ्यासक बिअट्रिस वॉर्ड यांनी उघडकीस आणली, तीही पॉल बोझाँ अशा पुरुषी टोपणनावाने. जानोंची कॅपिटलं मनाला येईल तशी कलतात. मला ती आवडतात, तुम्हाला खटकतात, असू दे. शिस्तीतलं इटॅलिक हवं असेल तर १९८९चा अडोबी गारामॉन लावून बघा. तो आखणाऱ्या रॉबर्ट स्लिमबाखने त्याचं इटॅलिक सोळाव्या शतकातल्या रोबेर ग्रांजोंच्या टाइपांवरून बेतलं आहे.

बटणाचं मात्र पटत नाही. छोटा 'ए' (a) पडद्यावर मोठा करून बघा. उभ्या वळणात त्याला वर बाक आणि खाली पोट असतं. इटॅलिकमध्ये वरचा बाक जातो. पोट आणि दांडी उरते, हाताने भरभर लिहिल्यासारखी. 'एफ' ओळीखाली उतरतो. 'एन'च्या पायाची आडवी सेरिफ, म्हणजे टोकाची छोटी रेघ, जाऊन शेवटी वर उचललेली शेपटी येते. फॉन्टात खरं इटॅलिक असेल तर बटण तेच उचलून आणतं. नसेल तर बाकासकट सगळं नुसतं ढकलून देतं.

आणि तिरकेपणा हाच इटॅलिकचा प्राण म्हणावा, तर आल्दुस मानुतिउस या प्रकाशकाने १५०१ साली काढलेलं लॅटिन कवी व्हर्जिलचं पुस्तक बघा. व्हेनिसमध्ये छापलेलं ते अख्खं पुस्तक फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरलेल्या इटॅलिकमध्ये आहे, आणि त्यातली कॅपिटलं चक्क सरळ उभी आहेत! ते टाइप तेव्हाच्या विद्वानांच्या जलद हस्ताक्षरावरून आलं.

तुमच्या बाजूने बडी माणसंही होती, हे सांगायला हवं. टाइपांचा जाणकार स्टॅन्ली मॉरिसनने १९२६ साली नेमकं हेच मांडलं, की जोडीचं इटॅलिक म्हणजे कललेलं रोमनच (उभं वळणच) असावं. यान फान क्रिम्पेनच्या रोम्युलस या टाइपाला तसा जोडीदार मिळालाही. मला तो ताठर वाटतो. खुद्द मॉरिसनच्या देखरेखीखाली १९३२ साली आलेल्या टाइम्स न्यू रोमनला इटॅलिक मिळालं ते नेहमीच्या घडणीचंच.

देवनागरीचंही विचारलंत. तिथे बहुतेक फॉन्टांत वेगळं इटॅलिक नसतंच, त्यामुळे बटण दाबलं की दांडे कलतात आणि शिरोरेघ आडवीच राहते. म्हणून इथे पुस्तकांची नावं मी एकेरी अवतरणात देतो, आणि जोर द्यायचा शब्द ठळक करतो.