घरात मराठी बोलल्याने इंग्रजी कच्चं राहत नाही

केजीच्या प्रवेशांचे दिवस आले की मुंबईतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. तीन वर्षांपर्यंत मेंदूची ८० टक्के वाढ होऊन जाते, मग भाषा शिकण्याची खिडकी बंद होते, दोन भाषांनी मूल गोंधळतं. तेव्हा घरात फक्त इंग्रजी बोला, इंग्रजी कार्टून लावा. हे वाचून आजीलाही नातवाशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायला लावणारी घरं गिरगावातही आहेत आणि बोरिवलीतही. याचं मला फार वाईट वाटतं.

८० टक्क्यांचा आकडा साधारण बरोबर आहे, पण तो मेंदूच्या आकारमानाचा. शिकणं तिथे संपत नाही. कपाळामागचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो.

खिडकीच्या गोष्टीत तथ्य आहे, पण ते मेसेजच्या उलट बाजूने जातं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली दाखवलं की इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ओळखतात. वर्षाची होईपर्यंत बहुतेकांची ही ओळख पुसट होते, कारण तो फरक त्यांच्या कानावर पडत नाही. म्हणजे लवकर निसटतात ते बारीक ध्वनिभेद. आपल्या बाळाच्या कानावर 'माळ' आणि 'माल' दोन्ही पडायला हवेत, आणि ते घरातल्या मराठीतूनच पडणार. व्याकरणाचं तसं नाही. सुमारे पावणेसात लाख लोकांच्या उत्तरांवर आधारलेल्या २०१८ च्या अभ्यासात व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता सतराव्या वर्षाच्या आसपासपर्यंत टिकलेली दिसली. शब्द तर माणूस जन्मभर शिकतो.

दोन भाषांनी गोंधळ? 'आई, मला वॉटर दे' हा गोंधळ नव्हे. वाक्य मराठीच आहे, एक शब्द तेवढा इंग्रजी. 'लोकल मिस झाली' म्हणताना आपणही हेच करतो. दुभाषी मुलांचे पहिले शब्द एकभाषी मुलांच्याच वयात येतात. मोजताना मात्र दोन्ही भाषांतले शब्द धरायला हवेत. बोलायला खरंच उशीर होत असेल, तर आधी कानांची तपासणी करा, वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा. मराठी बंद करणं हा त्यावरचा इलाज नाही.

कार्टूनचा सल्ला सगळ्यात पोकळ. बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी प्रत्यक्ष माणसं चिनी भाषेत बोलली, खेळली, तेव्हा बाळं त्या भाषेचे ध्वनी शिकली. तेच पडद्यावर दाखवलं, तर काहीच शिकली नाहीत.

'घरी मराठी बंद करा' असं पालकसभेत सांगणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: मुलाला आधी मराठीत उत्तर देऊ द्या, मग तेच इंग्रजीत कसं म्हणायचं ते दाखवा. चार लाडू दोघांत सारखे वाटणं ज्याला मराठीत समजलं, त्याला इंग्रजीत फक्त त्याचे शब्द शिकायचे उरतात.