जर्मनीचे २०२३ चे विश्वविजेतेपद आणि हेन्रिक रोडल

जर्मनीच्या बास्केटबॉल संघाने २०२३ मध्ये मनिला येथे विश्वविजेतेपद मिळवले ते हेन्रिक रोडल यांच्या प्रशिक्षणाखाली, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. त्या संघाचे प्रशिक्षक कॅनडाचे गॉर्डन हर्बर्ट होते. रोडल यांनी राष्ट्रीय संघाची धुरा २०१७ ते २०२१ या काळात सांभाळली, आणि टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत स्लोव्हेनियाकडून झालेल्या पराभवानंतर ते पदावरून दूर झाले. त्यांना उसन्या श्रेयाची गरजही नाही. १९९३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संघातून अमेरिकेची विद्यापीठ स्पर्धा जिंकल्यावर काही महिन्यांतच, म्युनिकमधील युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रशियाला ७१-७० असे अवघ्या एका गुणाने नमवणाऱ्या जर्मन संघात ते खेळाडू होते.