मला गाडी नाही, रूळ चालवायचेत: मी अजून डीसीसीवर का गेलो नाही

मागच्या रविवारी एक ओळखीचे गृहस्थ घरी आले होते, त्यांनाही मॉडेल रेल्वेचाच नाद. माझा लेआउट बघितला, तासभर गाड्या फिरवल्या, आणि चपला घालता घालता म्हणाले, "सगळं मस्त आहे हो, पण अजून डीसीवरच? आता डीसीसी करून टाका की." हे वाक्य मी गेली दहाबारा वर्षं ऐकतोय आणि दरवेळी सोडून देतो, पण यावेळी ठरवलं की नीट बसून लिहायचं. कारण मी डिजिटलवर, म्हणजे या डीसीसीवर, गेलो नाही ते पैशापायी नाही आणि जमत नाही म्हणून तर अजिबातच नाही, मला जुनी पद्धत मनापासून जास्त आवडते.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. जुनी पद्धत म्हणजे रुळांत शून्य ते बारा व्होल्ट डीसी, नॉब फिरवला की व्होल्टेज वाढतं आणि गाडी पळते, प्लस-मायनस उलटं केलं की गाडी उलटी. पण रुळांत करंट आहे म्हटल्यावर त्यावरचं प्रत्येक इंजिन पळणार ना, म्हणून लेआउटचे सेक्शन करायचे, एका बाजूच्या रुळात प्लास्टिकचे जॉइनर टाकून तो तोडायचा आणि प्रत्येक सेक्शनला वेगळा स्विच द्यायचा. डीसीसीमध्ये, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलमध्ये, रुळांत कायम पूर्ण करंट असतो, त्याच्यातूनच संदेश जातात, प्रत्येक इंजिनाच्या पोटात ते संदेश वाचणारा एक छोटा सर्किट बोर्ड, म्हणजे डीकोडर, आणि त्याला स्वतःचा नंबर (नवा डीकोडर ३ नंबर घेऊन येतो, मग आपण बदलायचा). जर्मनीत बर्न्ड लेन्झ यांनी १९८० च्या दशकात हे उभं केलं आणि १९९० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने त्याचं स्टँडर्ड केलं, म्हणून आज एका कंपनीचा डीकोडर दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलवर चालतो. फार हुशारीचं काम आहे ते, मी नाकारत नाही.

डीसीसीवाल्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं, की तुम्ही रूळ चालवता, आम्ही गाडी चालवतो. अगदी बरोबर आहे. पण मला रूळच चालवायचेत!

माझे एक मामा स्टेशनमास्तर होते, सिंगल लाईनवर, मिरजेच्या पुढं एका छोट्या स्टेशनात. सुट्टीत मी तिथं जायचो. त्यांच्या ऑफिसात लाल रंगाचं टोकनचं मशीन होतं, त्यातून लोखंडी गोळा निघायचा. पुढच्या स्टेशनला बेल द्यायची, तिकडून बेल परत यायची, तिकडच्या मास्तरांनी लाईन क्लिअर दिली की मगच तो गोळा बाहेर पडणार, आणि तो गोळा हातात असल्याशिवाय ड्रायव्हर स्टेशन सोडणार नाही. एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा कुठल्याच बाजूनं निघत नाही, म्हणजे दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी. मामा तो गोळा वेताच्या रिंगच्या पिशवीत घालून पोर्टरकडे द्यायचे आणि चालत्या इंजिनातून हात बाहेर काढून ती रिंग झेललेली मी कितीतरी वेळा बघितलीय. लहानपणी सगळी पोरं इंजिनाकडे बघायची, मी त्या मशीनकडे. माझ्या डोक्यात रेल्वे म्हणजे तेच आहे, गाडी कुणाची पण चालेल, पण लाईन कोण देतो आणि कधी देतो.

पुढं पुण्यात आल्यावर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघितलं, ते १९९८ ला सुरू झालेलं, आणि तिथून हा छंद जो लागला तो लागलाच.

आता माझा लेआउट कसा आहे ते सांगतो म्हणजे मुद्दा कळेल. गच्चीवरच्या खोलीत भिंतीला धरून बारा फूट, सिंगल लाईन, दोन टोकांना दोन स्टेशनं, एकूण आठ सेक्शन. टॉगल स्विच, सांध्यांची (जिथं गाडी रूळ बदलते ते) पुश बटणं, वायर सगळं बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ हिंडून गोळा केलं. दोन्ही स्टेशनांना वेगळं पॅनेल, वेगळा कंट्रोलर आणि मधे एक बेल. मी इकडून गाडी सोडतो तेव्हा ती माझ्या कंट्रोलरवर चालते, पण तिकडच्या फलाटाच्या लाईनचा स्विच तिकडच्या माणसाच्या हातात. त्यानं ती लाईन माझ्या कंट्रोलरला जोडून दिली तरच माझी गाडी आत शिरणार, नाही दिली तर स्टेशनच्या अलीकडच्या होम सिग्नलपाशी करंट संपतो आणि गाडी आपोआप थांबते. म्हणजे लाईन क्लिअर हा नुसता शब्द नाही, तिथं वायरमधून खरोखर लाईन दिली जाते! हे मला जेव्हा पहिल्यांदा जमलं त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत नुसतं एक इंजिन आणि दोन डबे इकडून तिकडे नेत होतो.

मधल्या ब्लॉकसाठी चावीचा स्विच आहे, दोन्ही पॅनेलवर एकेक, पण चावी एकच. बंद केल्याशिवाय चावी निघत नाही. ज्याच्याकडे चावी त्याचाच करंट मधल्या लाईनीत. मामांचा गोळाच आहे तो, दुसरं काय.

सॉफ्टवेअर लावून डीसीसीत पण हे सगळं करता येतं, माहितीय मला. पण मग ते सॉफ्टवेअर करतं हो, मी नाही करत. आणि एक बघितलंय, चार मित्र डीसीसीवर खेळायला बसले की प्रत्येकजण मान खाली घालून आपापल्या थ्रॉटलकडे (हातातल्या कंट्रोलरकडे) नाहीतर मोबाईलकडे बघत आपापली गाडी चालवतो, कुणाला कुणाशी बोलायची गरजच पडत नाही. माझ्याकडे बोलल्याशिवाय गाडी एक इंच पुढं जात नाही.

दुसरी गोष्ट, हात. रिओस्टॅटचा नॉब हळूहळू फिरवताना इंजिन कुठं जागं होतं ते बोटांना कळतं. माझं एक जुनं टँक इंजिन तीन व्होल्टच्या आसपास कुरकुरतं आणि मग सुटतं, दुसरं एक डिझेल जरा उशिरा पण मग लोण्यासारखं. डीकोडरमध्ये सीव्ही म्हणजे सेटिंगचे नंबर असतात, सीव्ही २ ला सुरुवातीचं व्होल्टेज, सीव्ही ३ ला वेग घेणं, सीव्ही ४ ला थांबणं, असे आकडे भरून सगळी इंजिनं सारखी करता येतात. मला ती सारखी करायचीच नाहीयेत.

एकदा प्रयत्न केला होता बरं का. एका जुन्या इंजिनात डीकोडर बसवून घेतला, बसवणाऱ्यानं मोटरचा ब्रश चासीपासून नीट वेगळा केला नव्हता, रुळावर ठेवल्या ठेवल्या धूर. डीकोडर गेला. मोटर वाचली, ब्रश साफ करून परत डीसीवर लावली तर आजही चालते. त्या एका अनुभवावरून मत बनवलं नाही, पण माझ्या लेआउटवर काही बिघडलं तर बारा व्होल्टचा एक बल्ब आणि दोन वायर घेऊन मी दहा मिनिटांत शोधतो, हे पण खरं आहे.

जे डीसीसीत खरोखर चांगलं आहे ते पण सांगतो. आवाज, उभ्या गाडीचे दिवे, आणि एकाच लाईनीवर दोन इंजिनं स्वतंत्र चालवणं. कुणी कर्जतहून खंडाळ्यापर्यंतचा घाट करणार असेल, मागून बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, लावायची, वर पोचल्यावर ती सोडवायची, तर त्यानं डीसीसीच घ्यावं, मी स्वतः सांगेन. मोठ्या यार्डातही तेच. माझं म्हणणं एवढंच की सिंगल लाईन, दोन स्टेशनं आणि दोन माणसं असतील तर जुनी पद्धत ही मागासलेली नाही, ती त्या रेल्वेच्या जास्त जवळची आहे, आणि नवीन पोरांना "आधी डीसीसी घे" असं सांगून आपण त्यांच्याकडून ही मजा काढून घेतोय याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझी भाची आता अकरा वर्षांची आहे. तिला बेलचे कोड पाठ आहेत, दोन म्हणजे लाईन क्लिअर मिळेल का, तीन म्हणजे गाडी सेक्शनमध्ये आली, चार म्हणजे बाहेर पडली. परवा शनिवारी रात्री तिची पॅसेंजर उभी होती आणि माझी मालगाडी तिच्या स्टेशनातल्या लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या लाईनीत, शिरत होती. ती पुढं येऊन म्हणाली, "मामा, चावी." मी म्हटलं शेवटचा डबा आत आला का? ती परत गेली, खाली वाकून ब्रेकव्हॅन बघितली, सांधा फिरवला, आणि चार वेळा बेल दिली. मग मी चावी काढली, वेताच्या छोट्या रिंगला बांधलीय ती मी, आणि तिच्या हातात दिली.