दार आपलं, नकारही आपलाच

बाबा गेल्यानंतर पाच महिन्यांनी मी आईला इकडे घेऊन आले. अमेरिकेत ओहायोत, कोलंबसच्या बाहेर आमचं घर आहे. आम्ही दोघं कामावर, मुलगी शाळेत, आणि आई दिवसभर एकटी. एका संध्याकाळी परतले तर ती दिवा न लावता ओट्यापाशी उभी होती. दुपारी जवळच्या एका चर्चचे दोघं जण येऊन गेले होते, एक पुरुष आणि एक बाई. आदल्या आठवड्यातही आले होते. तेव्हा आईनं त्यांना पाणी दिलं होतं, आणि दारातून बाबांचा हार घातलेला फोटो त्यांना दिसला होता. आईला इंग्रजी बेताचंच येतं, म्हणून या वेळी त्यांनी फोनवर भाषांतर करून मराठी अक्षरं तिच्यासमोर धरली. तुमचे पती आता कुठे आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का, असा तो प्रश्न होता.

मी आजवर इतकी क्वचितच संतापले असेन. शनिवारी ते पुन्हा आले तेव्हा मी दारातच सांगितलं, की या घरी परत यायचं नाही. त्यांनी मान हलवली, माफी मागितली आणि ते गेले. त्यानंतर आजपर्यंत आलेले नाहीत.

ही हकीकत मी घरच्या ग्रुपवर लिहिली आणि सांगलीहून दादाचा लगेच फोन आला. "इकडे आता धर्मांतराविरुद्ध कायदा आणतायत. तुमच्याकडे एवढी श्रीमंती, आणि यांना अडवायला कायदा नाही?" दादाचा राग माझ्यासारखाच होता, आईसाठीचा. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी त्याच्यापासून जरा लांब जाऊन पोहोचले. ते त्याला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

अडवणारा कायदा इथे होता. याच ओहायोत, यंगस्टाउनजवळच्या स्ट्रदर्स नावाच्या गावात. पोलादाच्या कारखान्यांचं गाव, बरेच जण रात्रपाळी करून दिवसा झोपणारे. पत्रकं वाटायला येणाऱ्या कुणीही दाराची घंटा वाजवायची नाही, असा नियम गावानं केला. थेल्मा मार्टिन या यहोवाचे साक्षीदार या घरोघर प्रचार करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या बाईंना त्याखाली दहा डॉलर दंड झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९४३ मध्ये, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानं, नियम रद्द झाला. रात्रपाळीच्या कामगाराची झोप कोर्टाला क्षुल्लक वाटली नव्हती. कोर्टाचं म्हणणं असं, की कुणाला दारात उभं करायचं हे गावानं सगळ्यांच्या वतीनं ठरवायचं नाही. ज्याचं दार, त्यानं ठरवायचं. त्यानं पाटी लावली किंवा तोंडानं नको म्हटलं, आणि तरी कुणी आलं, तर त्याला शिक्षा करायला गाव मोकळं आहे.

पुढे स्ट्रॅटन नावाच्या, तीनशेही वस्ती नसलेल्या गावानं दुसरी वाट काढली. घरोघर फिरायचं तर आधी महापौरांच्या कार्यालयातून परवाना घ्या. फुकट आहे, फक्त नाव नोंदवा. हेही ओहायोतलंच गाव. २००२ मध्ये आठ विरुद्ध एक मतानं तो परवानाही गेला. मात्र त्याच नियमांत एक कलम होतं, की घरमालकानं नोंद करून 'फेरीवाले, प्रचारक नकोत' अशी पाटी लावली तर त्या दाराशी जायचं नाही. त्या कलमाला कुणी आव्हानच दिलं नव्हतं, आणि ज्याला ऐकायचं नाही त्याला तेवढं संरक्षण पुरेसं आहे, असं कोर्टानं म्हटलं.

म्हणजे दादा, कायदा आहे. फक्त तो येणाऱ्याच्या धर्माकडे बघत नाही, दारामागच्या माणसाच्या नकाराकडे बघतो.

आता आपल्याकडचं. आपल्या घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं दुसऱ्यापुढे मांडणं. दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा काही कुणाचा हक्क नाही. मला ही रेषा पटते. पण त्या रेषेवर पुढे जे बांधलं गेलं, ते पटत नाही. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात धर्म बदलू पाहणाऱ्यानंच साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं आहे. तक्रार आधी नातेवाइकांना करता येत होती, २०२४ च्या दुरुस्तीनंतर कुणालाही करता येते. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि आपल्याकडेही हीच चर्चा सुरू झाली. या सगळ्यात आईसारखीचा विचार कुठे आहे? तिच्या दाराशी कुणी परत परत येऊ नये, याची तजवीज त्यात मला दिसत नाही. उद्या तिनं स्वतःच्या मनानं काही ठरवलं, तर मात्र त्याची बातमी आधी सरकारला द्यायची.

आणि मराठी माणसानं हे बोलताना नागपूर विसरू नये. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला सांगितलं, की मी हिंदू म्हणून मरणार नाही. पुढची एकवीस वर्षं त्यांनी विचार केला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसांसह बुद्धाला शरण गेले. साठ दिवस आधी एकेकानं अर्ज करायचा, आणि गावातल्या कुणालाही त्याविरुद्ध तक्रार करता यायची, असं तेव्हा असतं तर गावकुसाबाहेरच्या माणसाचा अर्ज कुणाच्या हातात पडला असता?

दादाचं एक म्हणणं मात्र मी खोडून काढत नाही. तो म्हणतो, तुझ्या दाराशी येणारा आणि डहाणूच्या पाड्यावर जाणारा यांत फरक आहे. आहेच. माझ्याकडे कुलूप आहे, पगार आहे, पोलिसांचा नंबर आहे. जिथे दवाखाना लांब आहे आणि पोराला ताप आहे, तिथे औषधासोबत देव देणाऱ्याला नाही म्हणायची ताकद कुठून येणार? आजारपणाचा असा फायदा घेणं मला घृणास्पद वाटतं, मग ते कुठल्याही देवाच्या नावानं असो. माझ्या आईच्या दुःखाचाही फायदाच घेतला जात होता. पण पाड्यावरच्या बाईचं बळ वाढतं ते दवाखान्यानं. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला लावून ती आणखी एका साहेबासमोर हात जोडून उभी राहते, एवढंच.

आणखी एक गोष्ट इथे राहिल्याशिवाय माझ्या लक्षात आली नसती. दारावर टकटक करण्याचा हा हक्क इथे आपणही वापरतो. न्यूयॉर्कच्या विमानतळांवर इस्कॉनच्या भक्तांना अडवलं तेव्हा तेही सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९९२ मध्ये निकाल लागला, की टर्मिनलमध्ये पैसे मागायला बंदी चालेल, पण पुस्तकं-पत्रकं वाटायला बंदी चालणार नाही. आमच्या गणेशोत्सवाची निमंत्रणं मी स्वतः आमच्या गल्लीतल्या घरांत जाऊन दिली आहेत. कुणी घेतली, एका आजोबांनी हात वर करून नको म्हटलं, मी पुढे गेले. मला त्यांचा राग आला नाही.

आपल्या परंपरेत तर याहून मोठं मन दाखवणारी माणसं आहेत. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी उघड वाद घालत होते. राज्य गोऱ्यांचं, मिशनरी गोरे, आणि बुवा भर वाळूत त्यांना उत्तरं देत होते. यांना बोलू देऊ नका, असं त्यांनी कुणाला साकडं घातलं नाही. सकाळी वासुदेव दारात यायचा, तेव्हा माझी आजी कधी सुपातलं मूठभर धान्य द्यायची, कधी आतूनच "पुढे जा बाबा" म्हणायची. तो पुढे जायचा. आज तोच वासुदेव मुंबईत कुणाच्या आवारात शिरला आणि तिथे राहणाऱ्यानं तक्रार केली, तर १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली त्याला पकडता येतं. गाणं म्हणून मागणं हीसुद्धा त्या कायद्यात भीकच.

परवा दादाशी पुन्हा बोलणं झालं. मंडळाची मुलं वर्गणीला येऊन गेली होती. आकडा त्यांनीच पावतीवर आधी लिहून आणला होता, दोन हजार एकशे. त्याला एवढे द्यायचे नव्हते, पण दिले. मंडळ नोंदलेलं नसेल तर अशी वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, ती होती का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "अगं, आपल्याला इथे राहायचंय."

मी दारावर पाटी लावावी का, असं आईला विचारलं. ती नको म्हणाली. कुणी तहानलेलं आलं तर पाणी द्यायचं आणि बाबांबद्दल कुणी विचारलं तर दार लावायचं, असं तिचं ठरलं आहे. दादाला मी एवढंच म्हटलं, की महाराष्ट्रात कायदा आणायचाच असेल तर त्यात एक कलम माझ्या आईसाठी असू दे, आणि तेच तुझ्या वर्गणीच्या पावतीलाही लागू असू दे.