चौकटीबाहेरची मामी

"पैशाचा विषय आला की माहितीपटाची तक्रार होते." कॉलेजमधल्या मित्राचं हे वाक्य तीन आठवडे झाले, डोक्यातून जात नाही. तो मुंबईत सिनेमाच्या सेटवर जायबंदी झालेल्या फायटर लोकांवर माहितीपट करतोय. मी विचारलं, उपचारांचा खर्च कोणी केला, रोजचं उठवणं-बसवणं कोण करतं, हे दाखवणार का? त्यावर हे उत्तर. लोकांना जिद्द बघायची असते म्हणे. आणि वर, "तुला तिकडे बसून बोलायला काय जातंय?"

इथे ब्रिटनमध्ये बसून मी गेली बारा वर्षं मणक्याला इजा झालेल्या माणसांबरोबर ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते. माणसाला पलंगावरून उचलणारा हॉइस्ट कुठे बसेल, दारातून चाकांची खुर्ची वळेल का, सकाळी मदतीला केअरर एक लागेल की दोन, हे ठरवण्यात माझा दिवस जातो. जिद्द मीही रोज बघते. पण खुर्ची दारात अडली की जिद्दीचा काही उपयोग नसतो.

त्याने दाखला दिला डेव्हिड होम्सवरच्या 2023 च्या माहितीपटाचा. होम्स हॅरी पॉटरच्या चित्रपटांत डॅनियल रॅडक्लिफचा स्टंट डबल होता, म्हणजे धोक्याची दृश्यं त्याच्या जागी करायचा. जानेवारी 2009 मध्ये ब्रिटनमधल्या लीव्हस्डन स्टुडिओत तालीम चालू असताना वायरने त्याला मागे खेचलं, तो भिंतीवर आदळला आणि मान मोडली. मित्र म्हणतो, बघ, किती हसतमुख माणूस! मी तो माहितीपट दोनदा पाहिला. माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. इतक्या वर्षांनंतरही त्याच्या हातात उरलेली ताकद कमी होत जाते. अपघात एका क्षणात होतो, अपंगत्व मात्र बदलत राहतं, वयाबरोबर नवं काहीतरी काढून घेतं. 'पडला, झगडला, जिंकला' या साच्यात हे बसतच नाही, म्हणून बहुतेक माहितीपट ते गाळतात.

शिवाय आपल्याला त्याचं हसू दिसतं, त्याखालची जमीन दिसत नाही. ब्रिटनमध्ये 1969 च्या कायद्याने मालकाला कामगारांच्या इजेसाठी विमा काढावाच लागतो, तोही किमान 50 लाख पौंडांचा. भारतात 1981 च्या कायद्याने सिनेकामगाराशी लेखी करार करणं बंधनकारक केलं होतं. किती फायटरच्या हातात तसा कागद आला, हा प्रश्न मित्राने कॅमेऱ्यासमोर एकदा तरी विचारावा. जुलै 2025 मध्ये तमिळनाडूत गाडीच्या स्टंटमध्ये एक कलाकार गेला, तेव्हा बातमी आली की अक्षय कुमारने सुमारे 650 स्टंट कलाकारांचा विमा उतरवलाय. त्या माणसाचे उपकार मानते. पण एका नटाच्या मोठ्या मनावर इतक्या जणांच्या पाठीचा कणा टांगलेला असावा, याची कोणाला लाज वाटू नये?

मित्राने लगेच ऑलिव्हिया जॅक्सन या स्टंट कलाकाराचं नाव काढलं. सप्टेंबर 2015, दक्षिण आफ्रिका, मोटरसायकलवरचा स्टंट, समोरून येणारी कॅमेऱ्याची क्रेन. तिचा डावा हात गेला आणि न्यायासाठी कोर्टात उभं राहावं लागलं. निकाल तिच्या बाजूने लागला तो 2020 मध्ये. "बघ, परदेशातही तेच." हो, आणि ब्रिटनमध्येही पिपच्या, म्हणजे अपंगांसाठीच्या सरकारी भत्त्याच्या, फॉर्मवर आपली असहायता पुन्हा पुन्हा सिद्ध करताना रडलेली माणसं मला ठाऊक आहेत. पण जॅक्सनची गोष्ट सांगायची तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न टाळून सांगताच येत नाही. मी तेच तर म्हणतेय.

आणि हे विलायती खूळ नाही. 8 जुलै 2024 ला आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पडद्यावर अपंग व्यक्तीची टिंगल नको आणि तिला अचाट शक्तीचा पुतळाही करू नका. मित्राला ते निकालपत्र पाठवलं. त्याने अंगठा दाखवणारं चिन्ह पाठवून विषय बदलला.

मला इतका राग का येतो, ते त्याला सांगितलेलं नाही. माझा मामा फायटर होता. उंचावरून उडी, खाली खोकी आणि त्यावर गाद्या. खोकी सरकली. निर्मात्याच्या माणसाने इस्पितळाचं पहिलं बिल भरलं, एक पाकीट दिलं, नंतर फोन उचलणं बंद केलं. मामा अकरा वर्षं कमरेखाली लुळा होऊन जगला. एकदा काही विद्यार्थी त्याच्यावर छोटी फिल्म करायला आले. त्यांनी त्याच्या हातात डंबेल्स दिली, जुने फोटो भिंतीवर नीट लावले. मामी पाठीमागे चादर बदलत होती. तिला म्हणाले, "काकू, जरा फ्रेमच्या बाहेर याल का?"

ती फिल्म मी इथल्या सहकाऱ्यांना अभिमानाने दाखवली होती. माय अंकल म्हणून. सगळ्यांचे डोळे भरून आले, माझेही.

मामा बेडसोरने गेला, पडून पडून झालेल्या जखमांनी. दर दोन तासांनी कूस बदला, कातडीवर लाल डाग दिसला की थांबू नका, हे मी इथे अनोळखी कुटुंबांना हाताला धरून शिकवते. मामीला मी पैसे पाठवत राहिले. रात्री किती वेळा उठतेस, पाठ कोण धरतं, हे तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिकिट काढावं लागलं असतं.

त्याच्या आजारपणातल्या व्हिडिओ कॉलचे कितीतरी स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत. सगळ्यांत मामा हसतोय. फोन मामीनेच धरलेला असायचा. एका चित्रात कोपऱ्यात तिचा अंगठा आलाय, नखात हळदीचा पिवळेपणा. तिचं एवढंच आहे माझ्याकडे.