निपाणीच्या दादांनी पॅकमनबद्दल जे लिहिलं त्याला माझं उत्तर

दादा, आधी इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून थँक्स. मागच्या लेखात मी डेबियन, मिंट, उबंटू, फेडोरा, ओपनसुसे आणि आर्च या लिनक्सच्या प्रकारांची तुलना केली आणि शेवटी जुन्या मशीनवर डेबियन टाका नाहीतर मिंट टाका असं सांगितलं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं की सॉफ्टवेअर टाकायचं-अपडेट करायचं आर्चचं साधन पॅकमन, त्याच्या पुढं डेबियनचं ॲप्ट म्हणजे बैलगाडी, डेबियन स्टेबलमधलं (डेबियनची नेहमीच्या वापराची, सहसा न बदलणारी आवृत्ती) सॉफ्टवेअर दोन-दोन वर्षं शिळं असतं आणि शिळं म्हणजे असुरक्षित, आणि मी आर्च कधी धड वापरलंच नसणार.

शेवटचं आधी सांगतो. शहापुरातल्या घरच्या लॅपटॉपवर दीड वर्षं आर्चच होतं आणि मला ते आवडायचं, आर्चच्या विकीइतकी चांगली माहिती दुसरीकडं कुठं मिळत नाही हे आजही म्हणतो, डेबियनवर काही अडलं तरी मी तिथंच जाऊन वाचतो.

आता स्पीड. पॅकमन फास्ट आहे, शंभर टक्के मान्य. पण ॲप्ट हळू का चालतं ते बघा ना. ॲप्टच्या खाली काम करतो तो डीपीकेजी, आणि तो फाईल लिहिली की ती खरोखर डिस्कवर उतरली का याची खात्री करून मगच पुढं जातो, शिवाय कुठलं पॅकेज (म्हणजे सॉफ्टवेअरचं गाठोडं) उघडलं, कुठलं सेट करायचं राहिलं याची नोंद ठेवत जातो. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर हे फार जाणवतं. पण मी ज्या मशीनसाठी लिहिलं होतं ती खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयातली ११ मशीन आहेत, जांबोटीच्या पुढं, तुम्हाला तिकडचा पाऊस माहीत आहेच, जुलैत लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि यूपीएस दोनच मशीनला आहे. तिथं अपडेट चालू असताना लाईट गेली की परत आल्यावर ॲप्ट स्वतःच सांगतं की काम मधेच तुटलंय, ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा, ते चालवलं की जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू. वाचनालय सांभाळणाऱ्या ताई हे आता मला फोन न करता करतात. माझ्या आर्चच्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली होती, तो असाच मधे बंद पडला तेव्हा पॅकमनला अडवून ठेवणारी लॉकची फाईल काढून टाकणं सोपं होतं, पण प्रोग्रामना लागणाऱ्या काही लायब्रऱ्यांच्या फाईली शून्य बाईटच्या झालेल्या, मग पेनड्राइव्हवरून बूट करून सगळं परत बसवलं, अख्खा रविवार गेला. मला ते जमलं, ताईंना ते करायला सांगायचं का?

दुसरी गोष्ट नेटची, आणि माझ्या मते खरा मुद्दा हाच आहे. त्या वाचनालयात नेट म्हणजे कुणाच्या तरी मोबाईलचा हॉटस्पॉट, आणि परीक्षेच्या दिवसांत खोली तीन-चार महिने बंद असते. आर्चच्या सर्व्हरवर प्रत्येक पॅकेजची शेवटची आवृत्तीच राहते, त्यामुळं तीन महिन्यांनी एक साधा प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायचा म्हटलं तरी जुन्या यादीतली फाईल तिथं नसते, आणि नुसती यादी ताजी करून एकच पॅकेज घेतलं तर ते अर्धवट अपग्रेड होतं, ज्याला आर्चवाले स्वतः सपोर्ट देत नाहीत, म्हणजे पूर्ण सिस्टीम अपग्रेड करणं आलं. गीगाबाईटच्या गीगाबाईट, हॉटस्पॉटवर! त्यात पॅकेजवरच्या डिजिटल सह्या तपासायची कीरिंग जुनी झालेली असली तर आधी ती अपडेट करा. आणि अपग्रेडच्या आधी त्यांच्या बातम्या वाचायच्याच, २०२५ च्या जूनमध्ये लिनक्स-फर्मवेअरचं (हार्डवेअर चालवायला लागणाऱ्या फाईलींचं) पॅकेज फोडून वेगळं केलं तेव्हा ते आधी हातानं काढून परत टाकावं लागलं होतं, ज्यांनी वाचलं नाही त्यांना ‘फाईल आधीच आहे’ अशी एरर येऊन अपग्रेड अडलं. डेबियन स्टेबलमध्ये ॲप्ट अपडेट करायचं आणि तो एकच ड्रायव्हर घ्यायचा, झालं. वर एका मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी टाकून ठेवलं की फाईल एकदाच खाली येते आणि बाकीची १० मशीन तिथूनच उचलतात. (कॅश वाटून घ्यायची सोय पॅकमनलाही करता येते, नाही असं नाही.)

आता जुनं म्हणजे असुरक्षित या मुद्द्यावर मात्र मी अजिबात सहमत नाही, आणि हे जरा नीट लिहितो कारण बेळगावात हार्डवेअरच्या दुकानात बसलेली पोरंसुद्धा हेच बोलतात. डेबियन आवृत्तीचा आकडा तोच ठेवतं आणि सिक्युरिटीची दुरुस्ती तेवढी मागं आणून त्या जुन्या कोडमध्ये घालतं. १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएच या दुरून लॉगिन करायच्या सॉफ्टवेअरमधलं ते मोठं भोक जाहीर झालं ना, मूळ प्रोजेक्टनं ९.८ काढली, आणि डेबियन १२ वर आकडा ९.२ च राहिला, पण आकड्याच्या शेवटी डेब१२यू३ (डेबियन १२ मधली तिसरी दुरुस्ती) लागलं आणि भोक बुजलं. ९.२ बघून कुणी म्हणेल हे शिळं आहे, पण त्या शेपटीतच सगळं असतं ओ.

आणि ताजं म्हणजे सुरक्षित असंही नसतं. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरनी एक्सझेड या फाईल दाबून लहान करायच्या सॉफ्टवेअरमधला चोरदरवाजा जगासमोर आणला, एसएसएचच्या लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय एवढ्याचा त्यांनी पाठपुरावा केला म्हणून ते सापडलं. तो माल ५.६.० आणि ५.६.१ मध्ये होता, सतत ताज्या राहणाऱ्या आवृत्त्यांत, म्हणजे डेबियनच्या टेस्टिंगमध्ये, ओपनसुसे टंबलवीडमध्ये, फेडोराच्या रॉहाइडमध्ये पोचला होता, आर्चमध्येही आला होता, फक्त आर्चचं एसएसएच एक्सझेडच्या लायब्ररीला जोडलेलं नसल्यानं तिथं तो ठरलेला मार्ग चालला नसता. डेबियन स्टेबलवर तेव्हा ५.४.१ होती. वाचनालयातली मशीन त्या आठवड्यात कुणी उघडलीसुद्धा नव्हती आणि मला त्यांची काळजी करावी लागली नाही.

तुमचे दोन मुद्दे मात्र बरोबर आहेत. फेडोराचं पॅकेजचं साधन डीएनएफ फार हळू आहे असं मी लिहिलं होतं ते जुन्या अनुभवावरून लिहिलं, फेडोरा ४१ पासून डीएनएफ५ आलंय, तुमचं वाचून परवा परत चालवून बघितलं, खूपच सुधारलंय, आणि डीएनएफमध्ये ‘हिस्टरी अनडू’ करून झालेलं काम उलटवता येतं ही सोय ॲप्टमध्ये आधीपासूनच असायला हवी होती असं मला नेहमी वाटतं. तरी फेडोराची एक आवृत्ती साधारण १३ महिनेच चालते, म्हणजे वर्षाला एक मोठं अपग्रेड, हॉटस्पॉटवर ते नको. ओपनसुसेवर मी दोनच ओळी लिहिल्या हेही चुकलं. तिथं झिपर हे पॅकेजचं साधन आणि स्नॅपर मिळून अपडेटच्या आधी-नंतर बीटीआरएफएस या फाईलसिस्टीमचे स्नॅपशॉट घेतात, म्हणजे त्या क्षणाची स्थिती जपून ठेवतात, बिघडलं तर बूट मेनूतून मागच्या स्थितीत जायचं, डिस्कवर जागा असेल तर याच्याइतकी निर्धास्त सोय दुसरी नाही. वाचनालयातल्या ८० जीबीच्या डिस्कवर मला ते धाडस झालं नाही.

उबंटूबद्दल तुम्ही विचारलं होतं की मिंट का, थेट उबंटू का नाही. स्नॅपमुळं, म्हणजे उबंटूची ॲप टाकायची वेगळी पद्धत. ठरवून काही बदललं नाही तर स्नॅप दिवसातून चार वेळा आपणहून अपडेट शोधतं, आणि उबंटू २२.०४ पासून फायरफॉक्ससुद्धा स्नॅपमधूनच येतो, घरी फायबर असेल त्याला फरक पडत नाही, पण ताईंच्या मोबाईलचा डेटा दुपारपर्यंत संपला की संध्याकाळी पोरांना अर्ज भरता येत नाहीत. ‘स्नॅप रिफ्रेश --होल्ड’नं थांबवता येतं, पण ते प्रत्येक मशीनवर आठवणीनं करावं लागतं.

तुमच्याकडं निपाणीत चांगलं नेट आहे, मशीन रोज चालू असतं, तुम्ही बातम्या वाचून अपग्रेड करता, तुम्ही आर्च सोडायचं काहीच कारण नाही. डीएनएफचं वाक्य मी आज दुरुस्त केलंय आणि ओपनसुसेवर वेगळं लिहायला घेतलंय. त्यासाठी एक विचारायचं होतं, तुमच्याकडं टंबलवीड चालवणारा कुणी मित्र आहे म्हणालात, त्याच्या मशीनवर स्नॅपशॉटनी किती जागा खाल्लीय तेवढं विचारून कळवा, मग ८० जीबीच्या डिस्कचं काय ते मला ठरवता येईल.